रोपवाटिका हलवताना : आधी पाणी, मग माणसं, शेवटी रोपं

लोकांनी मिळून चालवलेल्या रोपवाटिकेची जमीन क्वचितच स्वतःची असते. कुणाचा तरी रिकामा प्लॉट, सोसायटीच्या मागचा तुकडा, नाहीतर एखाद्या देवस्थानाची पडीक जागा. पाच-सहा वर्षं सुखाने जातात आणि एक दिवस निरोप येतो, "पुढच्या वर्षी काम सुरू करतोय, जागा मोकळी करून द्या." पुण्यात हे आता वरचेवर घडतंय, कारण टेकड्यांच्या पायथ्याची मोकळी जमीनच झपाट्याने बांधकामाखाली चालली आहे. असा निरोप ज्यांना नुकताच आलाय आणि नर्सरी हलवण्याचा ज्यांना काही अनुभव नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची वाटिका वारज्याला टेकडीच्या पायथ्याशी होती. आता ती वडकीला आहे, दिवे घाट चढायच्या अलीकडे. मधे एक मुक्काम झाला आणि तो फार महागात पडला. पहिल्यांदा आम्ही एप्रिलच्या मध्यावर, भर उन्हाळ्यात, दोन टेम्पो रोपं ओळखीतल्या एका शेतावर नेली. तिथल्या बोअरला भरपूर पाणी आहे हे जानेवारीत डोळ्यांनी पाहिलं होतं. एप्रिल संपता संपता पाइपातून आधी गढूळ पाणी, मग गचके, मग नुसती हवा यायला लागली. टँकर सांगितला, तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर कडुनिंबाची कोवळी रोपं पिशवीतच करपली होती. जांभळाचं एकही वाचलं नाही. टिकली ती पळस, हिवर, खैर अशी काटक मंडळी. ती सुकलेली रोपं पिशव्यांतून काढून खताच्या खड्ड्यात टाकताना आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वेळी आम्ही क्रम बदलला. आधी पाणी, मग रोज जाणारी माणसं, आणि सगळ्यात शेवटी रोपं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १ : श्रावणापासून मागे मोजा

रोपं हलवायला पुण्यात सगळ्यात चांगला काळ श्रावणाचा, म्हणजे साधारण जुलैअखेर ते ऑगस्ट. याचं कारण फक्त ढगाळ हवा एवढंच नाही. आषाढात तुम्ही तयार रोपं टेकडीवर लावून टाकलेली असतात, सोसायट्यांना, शाळांना वाटलेली असतात. त्यामुळे वर्षभरात नर्सरी सगळ्यात रिकामी असते ती नेमकी तेव्हा. जे रोप जमिनीत गेलं ते टेम्पोत भरावं लागत नाही. हलवायला उरतात ती लहान आणि पुढच्या वर्षीची रोपं.

म्हणून जागामालकाकडे पहिली विनंती मुदतीची करा. "लवकरात लवकर करतो" असं म्हणू नका. "श्रावण संपेपर्यंत द्या, त्यानंतर एक पिशवीसुद्धा इथे दिसणार नाही" असं म्हणा आणि महिनावार काय करणार ते कागदावर लिहून द्या. तारीख ठरलेली दिसली की बहुतेक मालक थांबतात. आमचे थांबले.

आता मागे या. आषाढात मुळं सोडवायची. ज्येष्ठात नव्या जागेवर सावलीची जाळी आणि वाफे तयार हवेत. वैशाखात पाणी तपासायचं. फाल्गुन-चैत्रात कागद बघायचे आणि माणसांशी बोलायचं, पण पक्का होकार वैशाखातलं पाणी बघितल्यावरच. निरोप दिवाळीच्या सुमारास आला असेल तर हे सगळं आरामात बसतं. चैत्रात आला असेल तर दमछाक होईल, पण जमेल.

नव्या जागेचा रस्ता पालखी मार्गावर असेल तर ज्येष्ठ वद्य पक्षातले ते दिवस कामासाठी धरूच नका. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, पुण्यात दोन मुक्काम करते आणि हडपसरहून दिवे घाटाने सासवडला जाते. तुकोबांची पालखी हडपसरहून लोणी काळभोरकडे वळते. त्या दिवशी सासवड रस्ता आणि सोलापूर रस्ता वारकऱ्यांचा असतो. आमचं शेडनेटचं सामान एक दिवस आधी पोचलं म्हणून बरं झालं.

पायरी २ : पाणी उन्हाळ्यात बघा, आणि मोजा

वडकीची जागा आम्ही पहिल्यांदा पाहिली ती मार्गशीर्षात. विहीर काठोकाठ. आम्ही खूश होऊन तिथेच होकार द्यायला निघालो होतो. जागेच्या मालकीणबाईंचे सासरे बांधावर बसले होते. ते म्हणाले, "आत्ता नका ठरवू. वैशाखात या, विहिरीत उतरा, पाण्याला हात लावा आणि मग सांगा." आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. पाणी खाली गेलं होतं, पण होतं. आजोबांनी पंप अर्धा तास चालवायला लावला आणि पाणी परत किती वेळात वर येतं ते दाखवलं. जागा दाखवणारा माणूस स्वतःहून उन्हाळ्यात बोलावत असेल, तर ती जागा बरी समजा.

हिशेब असा करा. सहा बाय आठ इंची पिशवीतल्या रोपाला साधारण अर्धा लिटर पाणी एका वेळी लागतं. उन्हाळ्यात दोनदा द्यावं लागतं. म्हणजे ३,००० रोपांना मे महिन्यात दिवसाला ३,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर तीन दिवसांत संपतो. म्हणून किमान तीन दिवसांचं पाणी साठेल एवढ्या टाक्या जागेवर हव्यात. टँकर उशिरा आला, पंप जळला, वीज गेली, तरी रोपं तग धरतात. आमच्या पहिल्या फसलेल्या जागेवर फक्त एक हजार लिटरची टाकी होती.

पाणी किती आहे याइतकंच ते कसं आहे हेही बघायचं असतं. काही बोअरचं पाणी एवढं जड असतं की महिन्याभरात पिशवीतल्या मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा जळतात. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत नमुना जरूर द्या. पण त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे चाचणीची तुकडी. फाल्गुनातच पन्नास रोपं, वेगवेगळ्या जातींची, नव्या जागेवर नेऊन ठेवा आणि तिथलंच पाणी महिनाभर घाला. आमच्या पन्नासांतली करंज आणि मेडशिंगी मजेत होती, बोअरचं पाणी घातलेल्या कांचनाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. त्यावरून विहिरीचं पाणी वापरायचं आणि शेजारच्या बोअरचं नाही, हे ठरलं.

जागा किती लागते? सहा बाय आठची भरलेली पिशवी साधारण दहा सेंटिमीटर व्यासाची होते, म्हणजे दहा मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्यात हजारभर पिशव्या उभ्या राहतात. वाफा एक मीटरपेक्षा रुंद करू नका, मधल्या रोपांपर्यंत हात पोचत नाही आणि तण तिथेच माजतं. वाफ्यांमधल्या वाटा, मातीचा ढीग, शेणखत, अवजारांची खोली धरून तीन हजार रोपांना दोन गुंठे पुरतात.

पायरी ३ : कागद

हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. शेतजमीन असेल तर सातबारा काढा आणि त्यावरचा "इतर हक्क" हा रकाना नीट वाचा. कर्ज, कुळाचे हक्क, वाद यांच्या नोंदी असतील तर त्या तिथे दिसतात. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचं नाव भोगवटादारांत आहे का, आणि सोबत आणखी कुणाकुणाची आहेत, ते बघा. एक भाऊ हो म्हणाला आणि दुसरा वर्षभराने गेटला कुलूप लावून गेला, असं सहज होतं. गायरानावर काम करायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव हवाच, पण जमीन सरकारची असते, म्हणून तहसील कार्यालयातूनही लेखी घ्या.

आपली जागा नेमकी कुणाच्या हद्दीत येते हेही आधी विचारून घ्या. २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. जिथे पूर्वी ग्रामपंचायत होती तिथे आता क्षेत्रीय कार्यालय आणि उद्यान विभाग आहे.

मालकाशी करार लेखी असावा आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात : पाणी कोण देणार आणि विजेचं बिल कुणी भरायचं, जागा परत हवी असल्यास किती महिने आधी सांगायचं, आणि सांगितल्यावर एक पावसाळा पूर्ण मिळेल की नाही. तिसऱ्या मुद्द्यावर अडून बसा.

पायरी ४ : माणसं

वारज्याहून वडकी पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. "आम्ही येऊच हो" असं सगळे म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण रविवारी सकाळी पायी येणारी आजी, शाळेआधी अर्धा तास झारी धरणारी मुलं, ऑफिसला जाता जाता डोकावणारे दादा, यांच्यापैकी कुणी कात्रज-कोंढव्याच्या गर्दीतून रोज येणार नाही. त्यांच्यावर रागावू नका. प्रत्येकाला थेट विचारा : महिन्यातून किती वेळा येऊ शकाल? जे उत्तर येईल त्याच्या निम्मं धरा.

मग रोजचं काम कुणी करायचं? नव्या गावातल्याच कुणीतरी, आणि पगार घेऊन. रोपवाटिका स्वयंसेवेवर सुरू होते, पण रोजचं पाणी स्वयंसेवेवर चालत नाही, हे मी आता ठामपणे सांगतो. वडकीत आम्ही आधी बचत गटातल्या ताईंना भेटलो. पिशव्या भरायचं काम त्यांनी घेतलं, आणि त्यांच्यातल्याच एक मावशी रोजच्या पाण्याला तयार झाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचं मातीचं मिश्रण हातात घेऊन मूठ वळली, उघडली आणि म्हणाल्या, "लाडू झाला की हो. यात पाणी कसं निथरायचं?" वारज्याची पोयट्याची माती तिथे न्यायचं आम्ही तिथेच सोडलं. त्यांनी ओढ्यातली वाळू आणि त्याच भागातली मुरमाड माती मिसळून दाखवली. मूठ उघडली की गोळा हलकेच फुटला पाहिजे, हे त्यांचं माप. आजही तेच माप चालतं. रोपाला पुढे ज्या मातीत आयुष्य काढायचंय त्याच मातीची ओळख पिशवीत झालेली बरी.

जुन्या मंडळींना सोडू नका. बी गोळा करणं, नोंदवही, पैशांची जमवाजमव, शाळांशी बोलणं ही कामं घरूनही होतात. आणि सगळ्यात मोठं काम त्यांच्यासाठीच उरतं, ते पुढच्या पायरीत.

पायरी ५ : टेकडीवर लावलेली झाडं कुठेही जात नाहीत

नर्सरी हलते, लावलेली झाडं हलत नाहीत. नवखे लोक विचारतात, "दोन वर्षांची झाडं मुळासकट उचलून नेता येतील का?" नेऊ नका. पुण्याच्या टेकडीवर झाडाचं मूळ बसाल्टच्या भेगा शोधत खाली गेलेलं असतं. ते उपटलं की तुटतं, आणि तुटलेल्या सोटमुळाचं झाड पुढच्या उन्हाळ्यात जातं. शिवाय १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे महापालिका हद्दीतलं झाड तोडायचं असो वा दुसरीकडे हलवायचं असो, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. टेकडी वन विभागाची असेल तर त्यांची लेखी संमती हवी. जुन्या प्लॉटच्या कडेने तुम्ही लावलेली झाडं मोठी झाली असतील तर तीही यातच येतात. जागा सोडताना ती तशीच ठेवा आणि मालकांना हा कायदा सांगून ठेवा.

लावलेल्या झाडाला निदान दोन, शक्य तर तीन उन्हाळे पाणी लागतं. म्हणून नर्सरी हलवण्याआधी टेकडीचे वारस नेमा. पुण्यात याची सोय आपसूक आहे, कारण प्रत्येक टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणारी माणसं आहेत आणि त्यांच्यातले कितीतरी जण दोन लिटरची बाटली हातात घेऊन चढतात. आम्ही झाडांचे पंधरा-वीसचे गट केले, दगडांवर रंगाने आकडे टाकले, आणि प्रत्येक गट दोन कुटुंबांना दिला. एकाला नाही, दोघांना, म्हणजे एक घर गावी गेलं तरी दुसरं असतं. मधल्या वाटेवर पाण्याचा एक ड्रम ठेवला. मार्गशीर्षापासून आठवड्याला एकदा, चैत्र-वैशाखात दोनदा. आळ्यात वाळलेल्या गवताचं जाड आच्छादन घालायचं, फक्त खोडापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

टेकडीवर पाण्याइतकाच धोका वणव्याचा. गवत वाळलं की, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षातच, लागवडीभोवती तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करा. वन खात्याची माणसं याला जाळरेषा म्हणतात. नर्सरी हलवण्याच्या धांदलीत हेच काम पहिलं राहून जातं.

पायरी ६ : मुळं सोडवणं

आता प्रत्यक्ष रोपं. वाचणारी आणि मरणारी रोपं इथेच ठरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिशवी जमिनीवर चार-सहा महिने एका जागी उभी राहिली की रोपाचं मूळ खालच्या भोकातून बाहेर पडून जमिनीत उतरतं. वरून काहीच दिसत नाही. उलट ते रोप इतरांपेक्षा तजेलदार दिसतं, कारण ते आता पिशवीतलं पाणी पीतच नाही. टेम्पो आला की कुणीतरी ते खेचतं, खालून टर्रकन आवाज येतो, आणि रोपाची सगळी जगायची सोय जमिनीत राहते. नव्या जागी ते चार दिवस उभं असतं, पाचव्या दिवशी मान टाकतं. लोक म्हणतात, "तिकडची हवा मानवली नाही." हवेचा काही दोष नसतो.

म्हणून टेम्पोच्या तीन ते चार आठवडे आधी, ढगाळ दिवस बघून, एकेक पिशवी तिरकी करून तळ बघा. मूळ खाली गेलं असेल तर ओढू नका. धारदार सिकेटरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) पिशवीच्या तळाशी सपाट कापा. बोथट विळ्याने मूळ चिरडतं आणि कुजतं. करंज, बदाम अशा मोठ्या पानांच्या रोपांची एक तृतीयांश पानंही काढा, कारण कमी झालेली मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. मग त्या पिशव्या जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा खडीच्या थरावर, सावलीच्या जाळीखाली ठेवा. दोन-तीन दिवस रोप मलूल होतं. घाबरू नका, पाणी वेळेवर द्या, खत अजिबात देऊ नका. आठव्या-दहाव्या दिवशी पान ताठ होतं. तिसऱ्या आठवड्यात पिशवीच्या भोकाशी पांढरी, नवी, केसासारखी मुळं दिसायला लागतात. ती दिसली की रोप प्रवासाला तयार.

जी रोपं दहा दिवसांनीही उभी राहत नाहीत ती वेगळी काढा. ती टेम्पोत भरू नका. आणि ज्यांचं मूळ अंगठ्याएवढं जाड होऊन जमिनीत घुसलंय, ती तर कापूच नका. अशी वीसेक रोपं आमच्याकडे निघाली, बहुतेक काटेसावर आणि शिवण. मालकांना विचारून पिशवी कडेने चिरून काढून घेतली आणि ती जिथे होती तिथेच कुंपणाच्या कडेला राहू दिली.

उन्हाने पिशव्या ठिसूळ झाल्या असतील तर याच वेळी त्या नव्या, एक माप मोठ्या पिशवीत जशाच्या तशा बसवा. टेम्पोत पिशवी फुटली की मातीचा गोळा फुटतो, आणि त्याबरोबर बारीक मुळं जातात.

नोंदीही आत्ताच करा. कुठल्या जातीची किती, बी कुठल्या झाडाचं, पेरणीचा महिना. मार्करने लिहिलेलं दोन महिन्यांत उन्हाने उडतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर किंवा खडबडीत प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा, ते टिकतं.

पायरी ७ : सोबत काय जाऊ द्यायचं नाही

मातीबरोबर तण आणि कीडही प्रवास करते. गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि पुढे ते देशभर पसरलं. आपल्या पिशव्यांतून ते आणखी एका डोंगरावर जाऊ नये, ही जबाबदारी आपली आहे. प्रत्येक पिशवीतलं तण मुळासकट उपटा, फुलोरा आलेलं गाजरगवत हातमोजे घालून पोत्यात भरा. काहींना त्याने अंगाला खाज सुटते.

दुसरी आफ्रिकन गोगलगाय. पावसाळ्यात ती पिशव्यांच्या मधल्या ओलसर फटीत दडते आणि मातीत अंडी घालते. पिवळसर पांढरी, भिजवलेल्या साबुदाण्याच्या दाण्याहून थोडी मोठी अंडी दिसली की ती पिशवी बाजूला काढा. मोठ्या गोगलगायी पकडायला संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा आणि पहाटे त्याखालच्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ थेट मातीवर टाकू नका, माती बिघडते. हातमोजे इथेही हवेतच. जुना मातीचा ढीग, अर्धवट कुजलेलं खत न्यायच्या मोहात पडू नका. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या त्यातूनच येतात.

पायरी ८ : टेम्पोचा दिवस

पाणी आदल्या संध्याकाळी भरपूर द्या, निघायच्या तोंडावर नको. चिखल झालेला गोळा हादऱ्याने फुटतो, कोरडाही फुटतो. रात्रभर निथरलेला टिकतो. ओली सहा बाय आठची पिशवी पावणेदोन किलोपर्यंत भरते. छोट्या हत्तीत साडेसातशे किलोच्या पुढे भरू नका, म्हणजे एका फेरीत चारशेच्या आसपास रोपं. ड्रायव्हर दादा म्हणतील, "अजून शंभर मावतील." मावतील, पण एकावर एक.

रोप कधीही खोडाला धरून उचलू नका. हात पिशवीच्या तळाखाली. भाजीच्या क्रेटमध्ये पिशव्या घट्ट उभ्या करा, हलत्या जागी गोणपाट कोंबा. वरून शेडनेट किंवा ओलं गोणपाट बांधा. उघड्या टेम्पोत वाऱ्याने पानं तासाभरात सुकतात, पाऊस असला तरी. वेग चाळिसाच्या आत. पहाटे पाचला निघालात तर नवले पूल आणि कात्रज चौक गर्दीआधी पार होतो, आणि सातच्या आत रोपं नव्या सावलीत उतरतात. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको. आम्ही दर शनिवार-रविवार एकेक फेरी केली, पाच आठवडे. त्यामुळे आधीच्या फेरीतली चूक पुढच्या फेरीत सुधारता आली, आणि मावशींनाही एकदम तीन हजार तोंडांना पाणी पाजावं लागलं नाही.

पायरी ९ : पहिला महिना, आणि पुढचं वर्ष

पहिले दहा दिवस सगळी रोपं जाळीखाली. मग आठवडाभर फक्त सकाळचं ऊन. मग काटक जाती उघड्यावर. दिवे घाटाच्या बाजूचा वारा वारज्यापेक्षा फार जोराचा आहे, म्हणून पश्चिमेच्या बाजूला जाळीचा उभा पडदा लावावा लागला. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही.

पुढच्या वर्षीचं बी मात्र जुन्या यादीप्रमाणे गोळा करू नका. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेला ताम्हिणीकडे काही हजार, आणि पूर्वेला सासवड-सुप्याकडे जाल तसा तो कमी होत जातो. पंचवीस किलोमीटर पूर्वेला जाणं म्हणजे झाडांच्या दृष्टीने दुसऱ्याच मुलखात जाणं. जांभूळ, अर्जुन ओढ्याकाठीच. उघड्या मुरमावर हिवर, खैर, बोर, मेडशिंगी, पळस, आपटा, धावडा. झटपट हिरवं दिसावं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. त्याखाली आज दुसरं फारसं काही उगवत नाही. नव्या जागी ती चूक नको.

याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्वेकडचे सगळे उघडे माळ रिकामे नसतात. सासवडच्या बाजूचे गवताळ माळ हे लांडग्याचं घर आहे, सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे. गवत हीच तिथली मूळ वनसंपदा. अशा माळावर खड्डे घेऊन झाडांची दाटी केली तर जे होतं तेच आपण मोडतो. आम्ही पहिल्या वर्षी खड्डे कुठे घ्यायचे नाहीत याचाच नकाशा गावच्या मेंढपाळ दादांबरोबर चालत तयार केला. झाडं लावली ती ओढ्यांच्या काठाने, जुन्या तुटलेल्या बांधांवर आणि जिथे पूर्वी झाडी होती असं वयस्कर माणसांनी दाखवलं त्या उतारांवर.

बियांचं वेळापत्रकही याच सुमाराला नव्याने लिहा. कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत उगवणशक्ती गमावतं, जांभळाचं त्याहूनही लवकर. ती गोळा केली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, नव्या जागी पेरायची. बहाव्याचं बी टणक, ते दगडावर घासून रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय उगवत नाही, पण डब्यात वर्षभर राहतं. म्हणून हलवाहलवीच्या वर्षी कडुनिंब-जांभळाचं बी थेट वडकीला पोचवलं आणि बहावा, आपटा घरी डब्यात ठेवला.

जुना प्लॉट सोडताना पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत तिथे पाणी चालू ठेवा, उरलेली रोपं तोवर तिथेच असतात. शेवटच्या फेरीनंतर फाटक्या पिशव्या वेचा. आम्ही दोन रविवार वेचल्या, सात पोती निघाली. वाफ्यांच्या विटा उचलल्या, खताचा खड्डा बुजवला आणि मालकांना बोलावून जागा दाखवली. ते कुंपणाजवळच्या त्या वीस रोपांपाशी थांबले आणि त्यांनी विचारलं, "यांना पाणी किती दिवसांनी घालायचं?"